सतरा एकांची संख्या

बाकी शून्य आली तेव्हा मला वाटलं, पाटी नीट पुसली गेली नसावी आणि हे आदल्या दिवशीचंच शून्य असावं. मी ओल्या फडक्यानं पाटी कडेपर्यंत पुसली, वाळू दिली आणि तोच भागाकार पहिल्यापासून मांडला. चुलीवर चहाचं पाणी आटून गेलं, जळक्या भांड्याचा वास घरभर झाला. दुसऱ्यांदाही बाकी शून्य आली. तिसऱ्यांदा मी मुद्दाम उलट बाजूला बसून केला, जणू उजेड बदलला की उत्तर बदलेल. उत्तर बदललं नाही.

ज्या संख्येला मी भागत होतो ती दिसायला फार साधी आहे. सतरा एक, एकाशेजारी एक मांडलेले: १११११११११११११११११. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी तिला आणखी दहा-वीस संख्यांनी भागून पाहत होतो आणि दर वेळी काहीतरी उरत होतं. उरलं की मी पाटी पुसत असे आणि निवांतपणे पुढच्या कामाला लागत असे. त्या दिवशी भाजक होता २०७१७२३. तो सतरा एकांत नेमका बसला. भागाकार आला ५३६३२२२३५७ आणि वर काहीही उरलं नाही.

दुसरा कोणी असता तर त्याला आनंद झाला असता. मला झाला नाही. कारण ही संख्या माझी नव्हती. ती हरिदासजींची होती, आणि त्यांनी ती सगळ्या आरमोरीदेखत आपल्या मुलीला देऊन टाकली होती.

हरिदासजी आमचे मुख्याध्यापक. मी त्यांच्या हाताखाली गणित शिकवत असे. वर्गाकडे तोंड करण्यापेक्षा फळ्याकडे केलेलं बरं, असा मी. आणि त्यांना माइक दिसला की ते उभे राहणार. छप्पन्न साली त्यांच्या घरानं धम्म घेतला तेव्हा पंचांग, मुहूर्त, कुंडल्या सगळं त्यांनी घराबाहेर काढलं. पण लग्नाच्या आहेरावरचा एक रुपया काही गावातून निघाला नाही. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. लोक म्हणत, पूर्ण आकडा दोघांत वाटला जातो, मग जोडपंही वाटलं जातं. वर एक ठेवला की वाटणी होत नाही.

हरिदासजींना हे सोसत नसे. आमच्याकडे मांडवात आहेर देणाऱ्याचं नाव आणि रक्कम माइकवर सांगतात. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"मुखरू भाऊ, एकशे एक. मूळ संख्या, शाब्बास. लटारू भाऊ, एक्कावन. तीननं भाग जाते, सतरा-सतरा-सतरा. मंग कुठी राह्यला तुमचा शकुन? पन ठेवा, ठेवा, चालते."

लोक हसत. पुढे पुढे तर काही जण त्यांना आधी विचारून रक्कम ठरवू लागले.

त्यांच्या कमळाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं की तिला अशी संख्या द्यायची, जी कोणाच्या बापाला फुटणार नाही. आणि तीही नुसत्या एकांची. अकराला भाग जात नाही हे खरं. "पन अकरा तं पानठेलेवालाही देते," असं त्यांचं म्हणणं. चार, सहा, नऊ असे एक तर पाहताच फुटतात. तीन एक फुटले, तीन आणि सदतीस. पाच एक फुटले, एकेचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. सात फुटले. अकरा आणि तेरा एकही आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसून फोडले. सतरा फुटेनात.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "सतराचं काय, वामनराव?"

मी म्हणालो, "अजून भाजक सापडला नाही."

मांडवात वंदना झाली, वरमाला झाल्या, आणि हरिदासजींनी माइक घेतला. "सतरा एक," ते म्हणाले. "याले भाजक नाई. आमी कुंडली पायली नाई, गनित पायलं. माह्या लेकीचा संसार असा राहीन. हा मांडवातला शब्द आहे." केसरबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मॅटीच्या कापडावर लाल दोऱ्यानं ते सतरा एक भरले होते. ती चौकट त्यांनी उंच धरली. टाळ्या वाजल्या.

सापडला नाही आणि नाही, यांत फरक आहे. मी पंगतीतून अर्धा उठलोही होतो. पण समोर बुंदी वाढणारा उभा राहिला, आणि माइकजवळ जाऊन असं काही सांगणं माझ्याच्यानं झालंही नसतं. घरी आल्यावर मी ठरवलं की आपण पुढे पाहत राहू. तशी एक खूण मला मिळालेली होती: सतरा एकांना भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला चौतीसनं भागल्यावर एकच उरला पाहिजे. म्हणून एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, असं मी चढत गेलो. खात्री करून घ्यायची तर दहा कोटींच्या वर जावं लागणार होतं. तितकं आयुष्य मला नव्हतं. खरं सांगायचं तर त्यामुळेच मन शांत होतं. मी शोधत राहणार, ते सापडणार नाही, आणि हरिदासजींचा शब्द राहणार.

ते शून्य घेऊन मी त्यांच्या घराकडे निघालो. त्यांना काय सांगावं, की काहीच सांगू नये, हे वाटेत ठरेल असं वाटलं होतं. ते ठरलं नाही. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊन गेलेली होती, शेतातून धानाच्या मळणीचा आवाज येत होता आणि मी दोनदा माघारी वळलो.

हरिदासजींच्या ओसरीवर शिकवणीचा फळा आहे. त्याच्याखाली जावई बसला होता, देवाजी. एटापल्लीच्या पलीकडे जंगलखात्याच्या डेपोत तो बाबू आहे. कमळा मंडईला म्हणून माहेरी आली होती आणि तो तिला परत न्यायला आला होता. भांग नीट पाडलेला, शर्ट इस्त्रीचा. कमळा खांबाशी बसून लाखोळीची भाजी निवडत होती.

"बरं झालं आले, वामनराव," हरिदासजी म्हणाले. "तुमचीच विद्यार्थिनी आहे, तुमीच सांगा हिले. गडचिरोलीची बस येईन आता, आन् ही म्हनते जानार नाई."

"जानार नाई," कमळा म्हणाली. मान वर केली नाही.

"काऊन, ते तं सांग."

तिनं भाजीतली एक काडी मोडून बाजूला टाकली.

"पाहा. तोंडात मीठ धरून बसली आहे."

"राहू द्या, बाबा," देवाजी हसून म्हणाला. "करमत नसंल तिले. जंगलच आहे ना ते."

केसरबाईंनी माझ्या हातात चहा दिला. सगळे माझ्याकडे पाहत होते. अशा वेळी मला काही सुचत नाही. देवाजी बोटावर किल्ल्यांची कडी फिरवत होता, म्हणून मी विचारलं, "क्वार्टर नीट बंद करून आलात ना?"

"हो तं. मोठं कुलूप आहे, पितळी. तसं मी रोजच लावतो, सर. ही आत असली तरी बाहेरून लावूनच जातो. अस्वलं येतात, कोनी मानसं येतात. दौरा निघाला तं चार-पाच दिवस लागतात ना मले."

तो हे अगदी सहज बोलला. पाण्याचा माठ झाकून ठेवतो म्हणावं तसा. माझा कप तोंडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी हरिदासजींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"काळजी घेतात," ते म्हणाले.

"आत असली तरी?" मी म्हणालो. बहुधा कोणाला ऐकू गेलं नाही. कमळाला गेलं. तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा भाजीत हात घातला.

हरिदासजी उठले आणि भिंतीवरच्या चौकटीपाशी गेले. तेच लाल दोऱ्याचे सतरा एक. "हे पाय, कमळे," ते म्हणाले. "मी मांडवात शब्द दिला. हजार मानसाईसमोर. मी कोनता देव नाई सांगितला, कोनता ग्रह नाई सांगितला. गनित सांगितलं. याले कोनी फोडू शकत नाई. सांगा तिले, वामनराव. सांगा, याले भाग जाते का?"

"जातो," मी म्हणालो.

"काय जातो?"

"भाग. भाग जातो, हरिदासजी."

मी कप खाली ठेवला.

"कोनत्या संख्येनं?"

मी सांगितली. दोन्ही सांगितल्या, भाजक आणि भागाकार. त्या मला पाठ झाल्या होत्या.

हरिदासजी हसले. "वामनराव, तुमी घरचं कुलूप लावून चारदा ओढून पायता. कुठी हातचा राह्यला असंल."

"असेल," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून आपोआप येतो. मग म्हणालो, "पण मी तीनदा केला."

त्यांनी खडू घेतला. रागानं घेतला असं मला वाटलं, पण मुख्याध्यापकच ते. फळ्याजवळ गेल्यावर त्यांचा हात शांत झाला. आधी त्यांनी नऊचा ताळा पाहिला. एका संख्येतल्या आकड्यांची बेरीज करून चार आले, दुसरीचे दोन. चार दुणे आठ. सतरा एकांची बेरीज सतरा, एक आणि सात आठ.

"ताळा जुळते," ते म्हणाले. "पन ताळा जुळला म्हनजे खरं असते असं नाई."

"नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी गुणाकार मांडला. तीननं गुणलेली ओळ, त्याखाली एक घर सोडून दोननं गुणलेली, त्याखाली सातनं. ओळी फळ्यावर तिरप्या उतरत गेल्या. भाजकात एक शून्य आहे, तिथं ते एक घर सोडून गेले. देवाजी म्हणाला, "बाबा, बस जाईन." ते म्हणाले, "थांबा."

बेरीज त्यांनी मोठ्यानं केली, वर्गात करत तशी. "पहिल्या घरात एक." एक लिहिला. "सात आन् चार अकरा. एक, हातचा एक. शून्य, एक, नऊ, हातचा एक. अकरा. एक."

तीन एक झाले. त्यानंतर त्यांचा आवाज हळूहळू कमी होत गेला. कुठल्या घरात मोठी बेरीज येई, कुठल्या घरात लहान, पण शेवटचा आकडा एकच. मी उत्तर आधीच जाणून होतो, तरी दर घराला मी मनात म्हणत होतो, इथं तरी दुसरं काही येवो. डावीकडे सरकत एकांची रांग फळ्याच्या मधोमध आली. कमळा कधी उठून आमच्या मागे उभी राहिली ते मला कळलं नाही. तिच्या बोटांना भाजीचा हिरवा रस लागलेला होता.

शेवटचा एक लिहून झाल्यावर हरिदासजींनी बोट ठेवून ते मोजले. पुन्हा मोजले. मग फळ्याकडे पाठ करून जोत्यावर बसले. खडू हातातच होता.

"मी लोकाईले सांगितलं, नाई म्हनून," ते म्हणाले.

"मी म्हणालो होतो, सापडला नाही."

"म्हनाले होते. मीच आयकलं नाई." ते जमिनीकडे पाहत बसले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण त्यांना न बोलता बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि ज्या आवाजात ते कधी कोणाशी बोलत नाहीत त्या आवाजात विचारलं, "माय, ते कुलूप... तू आत असतानी लावते हा?"

"हो."

"चार-पाच दिवस?"

"कधी जास्त. तांदूळ सरले तं शेजारची सोमारी खिडकीतून देते. पळसाच्या पानात बांधून, गजातून थोडा थोडा. पानीही तिनंच दिलं, पावसाळ्यात. पावसाळ्यात छपरातून साप पडला होता, बाबा. मी टेबलावर बसून राह्यली. तो गेला का आतच आहे, ते समजे ना."

केसरबाई चुलीपासून उठून दारात आल्या होत्या. त्यांच्या हातातून पळी खाली पडली आणि ती कोणी उचलली नाही.

"ते एकच खेप झालं," देवाजी म्हणाला. त्याचा आवाज अजूनही नरमच होता. "आन् आकड्याचं आन् संसाराचं काय लागते, बाबा? तुमी फळ्यावर काही केलं म्हनून का बायको माहेरी ठेवाची?"

"काहीच नाई लागत," कमळा म्हणाली. "पन मले तं तेच सांगून धाडलं होतं ना. फुटत नाई म्हनून." ती माझ्याकडे वळली. "काका, मीही भागत होती. आत बसून. कोळशानं, भितीवर. तीननं, सातनं, तेरानं. मले वाटे, एक जरी भाग गेला तं मी बाबाले चिठ्ठी धाडीन. हजाराच्या वर नाई जाऊ शकली. मंग हे येऊन भित पोतून टाकत."

"घान दिसे ते," देवाजी म्हणाला. "सरकारी भित आहे."

मी रोज सकाळी चहा घेऊन, दार उघडं टाकून, गंमत म्हणून ज्या संख्येशी बसत होतो, तिच्याशीच ती कुलपाच्या आत बसली होती. मला भाजक सापडायला नको होता, आणि तिला तो सापडायला हवा होता. चौतीसची खूण तरी मी कधी शाळेत सांगायला हवी होती. पण ती अभ्यासक्रमात नव्हती, आणि अभ्यासक्रमाबाहेरचं काही सांगायला मी नेहमी भ्यालो.

हरिदासजी उठले. "जावईबुवा," ते म्हणाले, "तुमची बस येऊन राह्यली."

"आन् ही?"

"ही इथी राहीन."

"लोक काय म्हनतील, बाबा? तुमी मांडवात..."

"मांडवात मी चूक सांगितलं. पुढच्या लग्नात माइकवर बरोबर सांगीन. जा तुमी."

देवाजीनं केसरबाईंकडे पाहिलं, निरोप घ्यावा तसं. त्यांनी तोंड फिरवलं. तो किल्ल्यांची कडी खिशात टाकून पायरी उतरला, आणि फाटकापाशी थांबून त्यानं भांग सारखा केला. मग सडकेकडे गेला.

हरिदासजी चौकट काढायला हात वर करू लागले, तेव्हा केसरबाई म्हणाल्या, "राहू द्या ते. आकडे तुमचे चुकले. टाके माझे बरोबर हायेत." त्या हे रडत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

कमळा फळ्यासमोरच उभी होती. वरच्या दोन संख्यांकडे पाहत होती, ज्यांचा गुणाकार खाली सतरा एक झाला होता.

"काका," तिनं विचारलं, "आता हे दोन वेगळे झाले. याचे पुढं भाग जातात का?"

"अजून सापड..." मी सुरुवात केली, आणि थांबलो.

कारण या दोघींपैकी कुठल्याही एकीला भाग जाणारी संख्या असती, तर तिचा सतरा एकांनाही भाग गेला असता. लहानीपेक्षा खालच्या सगळ्या माझ्या पाहून झाल्या होत्या. आणि मोठीसाठी तर तिच्या वर्गमुळाच्या, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर हजारांच्या, पुढे पाहायचीही गरज नव्हती. तेवढ्या मी फार पूर्वी पाहिल्या होत्या, आणि स्वतःवर विश्वास नाही म्हणून दोनदा पाहिल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

हरिदासजींनी वळून पाहिलं. "सापडला नाई, का नाई?"

"नाही. एकीलाही जात नाही. जाऊच शकत नाही."

हे मी इतक्या मोठ्यानं बोललो की केसरबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढून माझ्याकडे पाहिलं. माझ्याच आवाजानं मी दचकलो. सडकेवर बस थांबल्याचा आणि पुन्हा निघाल्याचा आवाज आला. कमळा खाली बसली आणि राहिलेली भाजी निवडू लागली.